सुखदेवच्या चाकूला उत्तर आलं

सुखदेव, तू जाऊन आज बारा दिवस झाले. तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दोन ठिकाणी कळवलं. एक आपल्या नर्सरीच्या ऑफिसला, जिथे तू अठ्ठावीस वर्षं कलमं बांधलीस. दुसरं त्या चाकूच्या कंपनीला, जिचा तू आयुष्यात एकच चाकू विकत घेतलास.

ऑफिसात मी स्वतः गेलो. नवीन साहेब आहेत, तरुण आहेत, बोलायला वाईट नाहीत. मी म्हटलं, आपल्याकडचे सुखदेव वारले, सगळ्यांना दोन मिनिटं उभं राहता आलं तर बघा. त्यांनी विचारलं, "कायम होते का?" मी म्हटलं, नाही, रोजंदारीवर. "मग आपल्याकडे त्यांची नोंद नसेल," असं म्हणून त्यांनी माझ्यासाठी पाणी मागवलं. मी इथला निवृत्त हेडक्लार्क, म्हणून बसायला खुर्चीही दिली. मी बसलो, पाणी प्यालो आणि घरी आलो.

कंपनीला मी मोबाइलवरून हिंदीत चार ओळी पाठवल्या होत्या. तो नंबर तूच मला जपून ठेवायला लावला होतास. संध्याकाळी पाचच्या आत त्यांचा फोन. पलीकडे एक बाई होत्या. "लोणार के कलमवाले सुखदेवजी?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. मग घरी कोण कोण आहे, पत्नीची तब्येत कशी आहे, शेवटी फार त्रास झाला का, असं सगळं विचारलं. तुझा चाकू ज्या कारागिरानं दुरुस्त केला तो अजून कामावर आहे, त्याला मी आज सांगते, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मला राग आला. साहेबांचा नाही, त्या बाईंचा. इतकं नीट वागायची काही गरज होती का? तू त्यांचा कोण? त्या एका फोननं मला पुन्हा तिथे नेऊन उभं केलं, जिथून मी इतकी वर्षं तोंड चुकवत आलो होतो.

तो चाकू घेतला तेव्हा मी तुझ्यासोबत होतो. नर्सरीसाठी प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणायला आपण खामगावला गेलो होतो. सरकारी पुरवठ्यातले चाकू तुझ्या हाताला चालत नसत. दोन दिवसांत धार जाते, साल फाटते, म्हणायचास. बियाण्याच्या दुकानात काचेखाली तो घडीचा चाकू दिसला आणि तू तो स्वतःच्या पैशानं घेतलास. तांबूस लाकडाची मूठ, एक पातं, आणि पात्याच्या मागे साल उचलायला छोटासा बोथट उंचवटा. बसमध्ये बसल्यावर तू खोक्यातला कागद काढून मेहकर येईपर्यंत वाचत बसलास.

"दिनकर, हे पाय. लिवलं हाये का काई तक्रार असली तं आमाले लिवा."

"सगळेच लिहितात तसं."

"मंग लिवतात कायले?"

"छापायचं असतं म्हणून."

तू तो कागद घडी करून खिशात ठेवलास. घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवलास, हे मला पुढे कळलं.

तुझं काम मी खिडकीतून बघायचो. मी ऑफिसच्या टेबलावर, तू समोर जंबेरी लिंबाच्या रोपांच्या रांगेत उकिडवा. खुंटावर एक उभा काप, एक आडवा, साल अलगद उचलायची, संत्र्याचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी गुंडाळायची. दुसऱ्याचं एक कलम होईस्तोवर तुझी दोन होत, आणि तुझी मरत नसत. जिल्ह्याहून पाहुणे आले की साहेब त्यांना आधी तुझ्या वाफ्यावर घेऊन जायचे. "हा आमचा सुखदेव," म्हणायचे. तू उभा राहून हात जोडायचास. पाहुणे गेले की परत बसायचास.

चार हिवाळ्यांनंतर तो चाकू तुटला. मंत्री येणार म्हणून साहेबांनी फाटकाचा बोर्ड रंगवायला काढला. ऑइलपेंटचा डबा उघडत नव्हता. साहेब म्हणाले, सुखदेव, तुझा चाकू आण. तू नाही म्हणू शकला नाहीस. डबा उघडला. पुढच्या आठवड्यात कलम बांधता बांधता आतली स्प्रिंग कट्‌ करून गेली आणि पातं तुझ्या अंगठ्यावर मिटलं. तू चिंधी बांधून माझ्या टेबलाशी आलास, चाकू आणि तो चार वर्षांपूर्वीचा कागद घेऊन.

"बाबू, एक पत्र लिवून दे." ऑफिसात तू मला बाबूच म्हणायचास. दिनकर फक्त फाटकाबाहेर.

मी हसलो, पण लिहायला घेतलं. हिंदीत, शाईच्या पेनानं. पहिली ओळ लिहिली की आपल्या कंपनीच्या चाकूची स्प्रिंग वापरात असताना आपोआप तुटली.

"आपोआप नाई तुटली," तू म्हणालास.

"अरे, तसंच लिहावं लागतं. नाहीतर ते जबाबदारी घेत नाहीत."

"डबा उघडला म्या त्यानं. तसं लिव."

"मग उत्तरच येणार नाही."

"नको येऊ दे. पण झालं तेच लिव."

मी चिडून तो कागद फाडला आणि दुसरा घेतला. तू सांगत गेलास, मी लिहीत गेलो. डबा उघडण्याची चूक माझी आहे. नवीन चाकू नको. हेच पातं माझ्या हाताला बसलं आहे, फक्त स्प्रिंग बसवून मिळेल का ते कळवा. सध्या कलमांचा हंगाम आहे, तेव्हा लवकर कळवलं तर बरं होईल. पात्याच्या बुडाशी कोरलेला नंबर तू भिंगाखाली धरून वाचलास आणि दोनदा माझ्याकडून वाचून घेतलास. खाली तू सही केलीस, नाव पूर्ण, गावासकट. सुलतानपूर, तालुका लोणार.

पंधराव्या दिवशी टपालानं खोकं आलं. मी म्हटलं, जाहिरात असेल. तू ते तुटक्या चाकूनं नाही, दातानं फोडलंस. आत एक चाकू होता, तुझ्याचसारखा, वापरलेला पण धार लावलेला. सोबत एक रिकामी डबी होती, तिच्यावर त्यांचा पत्ता लिहिलेला आणि तिकिटं लावलेली. आणि पत्र. मी मोठ्यानं वाचलं. तुमचा हंगाम सुरू आहे असं तुम्ही लिहिलं आहे, काम थांबू नये म्हणून आमच्याकडचा एक चाकू पाठवत आहोत. तुमचा चाकू या डबीत घालून पाठवा. आमचा चाकू परत करण्याची घाई नाही.

तू त्या पत्राकडे असं पाहिलंस, की मला वाटलं तुला ते खरं वाटलेलं नाही. मग म्हणालास, "हंगामाचं लिवलं होतं ते वाचलं त्यायनं."

"हो."

"पुरं पत्र वाचलं म्हंजे."

त्या वेळी मला त्या वाक्याचं काहीच वाटलं नाही. आज वाटतं. तेव्हा आपल्या ऑफिसात तुझे किती अर्ज होते, सुखदेव? मला आठवत आहेत ते पाच. प्रत्येकावर आवक नंबर होता, माझ्याच हातचा. त्यातला एकही पूर्ण वाचलेला मी पाहिला नाही, आणि मी ते माझ्यासकट म्हणतो.

महिन्याभरानं तुझा चाकू परत आला. ते खोकं तू माझ्यासमोर फाटकाबाहेरच्या हॉटेलात फोडलंस. स्प्रिंग नवीन, मूठ तेल लावून पुसलेली, आणि पातं जसंच्या तसं. त्याला गुंडाळलेल्या कागदावर कारागिराची पेन्सिलीनं लिहिलेली एक ओळ होती: पातं सहाणेवर धरलं नाही, त्याला तुमच्या हाताचं वळण आहे, ते बिघडलं असतं. तू ती ओळ बोटानं दाखवून मला दोनदा वाचायला लावलीस. तुझ्या कामाबद्दल इतकं जाणून कोणी काही लिहिलं असेल तर ती एक ओळ. साहेबांच्या "हा आमचा सुखदेव"मध्ये त्यातलं काहीच नव्हतं.

मग मी सोबतचं मोठं पत्र वाचायला घेतलं. त्यात लिहिलं होतं की पात्यावरच्या नंबरावरून आम्ही आमचं जुनं रजिस्टर काढून पाहिलं. ते वरच्या खोलीत होतं, शोधायला दोन दिवस लागले, म्हणून उशीर झाला, माफ करा. त्या खेपेतल्या स्प्रिंगांना घडवताना पाणी जास्त दिलं गेलं होतं, त्यामुळे त्या कडक होऊन चिरल्या. डबा उघडला नसता तरी तुमची स्प्रिंग तुटलीच असती. चूक तुमची नाही, आमची आहे.

रजिस्टरच्या ओळीवर मी थांबलो.

"काऊन थांबला बे?"

"अक्षर लागत नाही."

"चांगलं तं हाये अक्षर." तू कागद माझ्या हातातून घेतलास आणि बोट ठेवून स्वतःच वाचलास. "वरतून रजिस्टर काढलं त्यायनं. दोन दिवस पाह्यलं." मग कागद घडी करून ठेवलास आणि चहा प्यायलास. माझ्याकडे पाहिलं नाहीस. निदान मला तसं आठवतं.

आता ते सांगतो. जिवंतपणी सांगायला हवं होतं, ते आता सांगतो, कारण आता तू विचारणार नाहीस.

त्याच्याच आधीच्या उन्हाळ्यात जिल्ह्याहून पत्र आलं होतं. सलग ठरावीक वर्षं भरलेल्या रोजंदारी मजुरांची यादी पाठवा, सोबत हजेरीपट जोडा, त्यांना कायम करण्याचा विचार आहे. आपल्याकडे सात नावं बसत होती. सहा जणांचे हजेरीपट कपाटात सापडले. तुझे मधल्या तीन वर्षांचे नव्हते. ते कुठे आहेत हे मला माहीत होतं. खताच्या गोदामाच्या माळ्यावर, जुन्या गठ्ठ्यांत. शिडी लावून चढावं लागलं असतं, वर गांधीलमाश्यांची पोळी होती, धूळ होती. यादी पाठवायचा शेवटचा दिवस होता. आणि मला दुपारच्या गाडीनं खामगावला जायचं होतं, पुतणीचा साखरपुडा होता. मी परीटघडीचा शर्ट घालून आलो होतो.

मी तुझ्या नावापुढे लिहिलं, अभिलेख उपलब्ध नाही. साहेबांनी सही केली. त्यांनी विचारलंही नाही. मी गाडी पकडली.

एवढंच आहे. मोठं कारस्थान असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. कोणी दबाव आणला नाही, मी कोणाकडून काही घेतलं नाही. बाकीच्या सहा जणांमागे कोणी ना कोणी ऑफिसात येऊन गेलं होतं, कोणाचा सरपंच, कोणाचा मामा. तू एकटा आला होतास, तेही अर्ज देण्यापुरता. तुझ्या वस्तीतून कोणाला घेऊन ये, असं मी सुचवलं होतं. "माहं काम दिसते ना सायबाले," तू म्हणाला होतास. दिसत होतं. मलाही खिडकीतून रोज दिसत होतं. शर्ट मळू नये म्हणून मी शिडी चढलो नाही.

सहा जण कायम झाले. ऑर्डर आल्या त्या दिवशी त्यांनी पेढे वाटले. तू एक पेढा घेतलास आणि माझ्या टेबलाशी येऊन विचारलंस, "बाबू, माह्या नावाचं काय झालं?" मी म्हटलं, वरूनच राहिलं, पुढच्या यादीत येईल. तू "हाव" म्हणालास आणि वाफ्यावर गेलास. पुढची यादी कधी आली नाही.

तेव्हा अजून वेळ गेली नव्हती. जिल्ह्याला दुरुस्तीचं पत्र पाठवता आलं असतं, अभिलेख सापडला म्हणून. पण मग आधी का नव्हता, हे कोणीतरी विचारलं असतं. चाकूच्या कंपनीचं पत्र वाचून मी दोन रात्री नीट झोपलो नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, शिडी लावायची. त्या दिवशी साहेब फिरतीवर होते, गोदामाची किल्ली त्यांच्याकडे होती. चौथ्या दिवशी किल्ली होती, पण मी मागितली नाही.

तू मात्र त्याच आठवड्यात कंपनीचा चाकू परत पाठवलास. मी म्हटलं होतं, ठेव बे, घाई नाही असं त्यांनीच लिहिलंय, विसरून जातील. "ते विसरनार नाई," तू म्हणालास. "रजिस्टर हाये त्यायच्याकडे."

आणि मग आपला वाद सुरू झाला, तो तू जाईस्तोवर संपला नाही. मी म्हणायचो, ते धंद्यासाठी करतात. नाव व्हावं, अजून चार चाकू खपावेत, म्हणून करतात. तू म्हणायचास, असू दे ना, कायच्यासाठी बी करो, केलं का नाई? मी म्हणायचो, छोटी कंपनी आहे, चार कागद येत असतील, आमच्यासारखे ढीग येऊ देत मग बघू. तू म्हणायचास, ढिगात बी एक कागद एकच असते. मी सरकारी कामाची पद्धत समजावून सांगायचो, टिपणी, मंजुरी, वरचं कार्यालय. तू शेवटपर्यंत ऐकून घ्यायचास आणि विचारायचास, "मंग त्यायनं वर जाऊन रजिस्टर कोनाच्या मंजुरीनं काढलं असंन?" मला तुझा फार संताप यायचा. तू गरीब स्वभावाचा, साधा माणूस, असं सगळे म्हणतात. परवाही तेच म्हणाले. त्यांनी तुझ्याशी वाद घातला नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्या बाईंचा पहिला फोन आला. पत्रावर ऑफिसचा नंबर होता म्हणून तो माझ्या टेबलावर आला. मी खिडकीतून हाक मारली. तू हात धुऊन, टोपी काढून आत आलास आणि उभं राहून फोन कानाला लावलास. त्या विचारत होत्या, स्प्रिंग कशी आहे, या हंगामात काही अडचण आली का. तू म्हणालास, "नाई जी, एकदम बढिया हाये." मग त्यांनी आणखी काही विचारलं असणार. तू म्हणालास, "नाई जी, तुमच्याकून काई शिकायत नाई." "तुमच्याकून" या शब्दावर तू जोर दिलास का, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही. तू फोन खाली ठेवलास, नीट ठेवला गेला का ते पाहिलंस आणि निघून गेलास.

ऑफिस नव्या इमारतीत हललं ते त्यानंतर दोन वर्षांनी. माळा रिकामा करायचा होता. गठ्ठे खाली आले, तेव्हा मला ते हजेरीपट मिळाले. तीन वर्षांचे तिन्ही, एकाच दोरीत बांधलेले, वाळवीसुद्धा लागलेली नव्हती. दर महिन्याच्या पानावर तुझी सही, तीच, पूर्ण नावाची. मी ते हातात धरून किती वेळ उभा राहिलो ते सांगता येणार नाही. मग रद्दी करायच्या अभिलेखाची यादी मीच करत होतो, तिच्यात ते घातले. टेम्पो आला. गठ्ठे चढवायला मजूर लावले होते, त्यात तू होतास.

त्या वर्षी माझ्या वडिलांना लकवा झाला. तू आठ महिने रोज सकाळी कामावर जायच्या आधी माझ्या घरी येत होतास. मला एकट्याला त्यांना उचलणं होत नसे. तू त्यांना उचलून न्हाणीत न्यायचास, पुसून परत आणायचास, आणि ते काहीबाही बोलायचे ते बसून ऐकायचास. वडील गेले तेव्हा मी तुझ्या गळ्यात पडून रडलो. तेव्हाच सांगायचं माझ्या तोंडाशी आलं होतं. तू माझ्या पाठीवर थोपटत होतास, म्हणून राहिलं.

वय झालं तसं नर्सरीनं तुला कामावर घेणं थांबवलं. निरोप समारंभ नाही, कारण तू कुठे नेमणुकीवर होतास? मला निरोप मिळाला, शाल मिळाली. तू त्यानंतर लोकांच्या बागांमध्ये कलमं बांधायला जायला लागलास. मी पेन्शनवर घरी बसून पेपर वाचायचो आणि तू सकाळच्या गाडीनं कुठे कुठे जायचास. गुडघे दुखतात म्हणायचास. मी तुला तेल सुचवायचो.

बारा दिवसांपूर्वीही तू तसाच गेला होतास, सुलतानपूरच्या पलीकडे, कोणाच्या तरी संत्र्याच्या बागेत. दुपारी सावलीत टेकतो म्हणालास आणि टेकलास. बागवाल्यानं तुझ्या मोबाइलवरचा शेवटचा नंबर लावला, तो माझा होता. आदल्या संध्याकाळी आपण त्याच जुन्या वादावर बोललो होतो. मी फोन आधी ठेवला होता.

रविवारी तुझ्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, चार जण बोलले. मलाही उभं केलं. तुझ्या हाताबद्दल बोललो, स्वभावाबद्दल बोललो, चाकूच्या कंपनीची गोष्टही सांगितली. लोकांना ती आवडली. एकानं तर म्हटलं, पाहा, अशा प्रामाणिक माणसाला जग कसं उत्तर देतं. मी मान हलवली. माणसं जेवून पांगल्यावर कमलवहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या.

"भाऊजी, एक इचारू? ह्यायचा कायम होयाचा कागद खरंच वर गेलता का?"

मी म्हटलं, "गेला होता, वहिनी. तिकडेच राहिला."

त्या पदर सारखा करून उठल्या.

मी घरी आलो. तीन दिवस ते वाक्य माझ्यासोबत जेवलं, झोपलं. काल सकाळी परत गेलो. वहिनी अंगणात ज्वारी निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माळा, शिडी, शर्ट, साखरपुडा, टेम्पो. काही गाळलं नाही. त्यांचा हात सुपात चालूच होता. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या,

"मालूम हाये."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"गठ्ठे चढोतानी पाह्यलं त्यायनं. आपली सही वळखत नाई का मानूस? घरी आले अन दोन दिवस जेवले नाई. म्या म्हटलं, एक पान तरी काढून आनाचं होतं. तं म्हने, चोरला म्हनतीन. म्या म्हटलं, मंग दिनकरभाऊले तोंडावर इचारा. लय येळा म्हटलं म्या, भाऊजी. लय वर्सं म्हटलं."

"मग?"

"म्हने, इचारलं तं तो खोटं बोलीन. अन एकदा माह्या तोंडावर खोटं बोलला, का मंग मले त्याच्या घरी जाता येनार नाई."

वहिनींनी सूप उचललं आणि आत गेल्या. मला बस म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत.

सुखदेव, काल रस्ताभर मी तुझ्याशी भांडत आलो. तू मला ओळखलंच नाहीस, असं म्हणत आलो. तू विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं, एकदा विचारून तर पाहायचं होतंस, असं म्हणत आलो. घराचं फाटक उघडताना मला आठवलं की रविवारी वहिनींनी विचारलं होतं.